वर्णपटाचे गणित आणि आमच्या कपाटातील नमुने

गेल्या वार्षिक संमेलनात भोजनमंडपाकडे जाणाऱ्या वाटेवर जी विक्रीदालने मांडली होती, त्यांपैकी एका दालनापाशी इतर सर्वांहून अधिक दाटी होती. काष्ठौषधींचे व्यापारी, खरल-यंत्रांचे विक्रेते, ग्रंथविक्रेते या सर्वांना मागे सारून वैद्यमंडळी एका लहानशा डबीभोवती गोळा झाली होती. त्या डबीला जोडलेली धातूची कांडी मुठीत धरावयाची, संगणकावर नाव, वय, उंची व वजन भरावयाचे, आणि मिनिटभरात यकृतापासून अस्थींपर्यंत सर्व अवयवांचा छापील अहवाल हाती घ्यावयाचा, असा तो प्रकार होता. यंत्राच्या नावात ‘क्वांटम’ हा शब्द ठळकपणे झळकत होता. विक्रेता सांगत होता की, शरीरातील प्रत्येक रेणूचा ‘क्वांटम स्पेक्ट्रम’ हे यंत्र वाचते.

आमचे एक वयोवृद्ध स्नेही, ज्यांनी चाळीस वर्षे नाडीवर बोटे ठेवून चिकित्सा केली आहे, त्यांनी प्रथम स्वतःचा अहवाल काढला. मग तेच स्नेही दुसऱ्या नावाने व वीस वर्षे कमी वयाने पुन्हा बसले. त्यांचे यकृत आश्चर्यकारक रीतीने सुधारले होते. तिसऱ्या खेपेस त्यांनी मंडपातील पाणके पोऱ्याकडून ओले फडके मागविले आणि कांडी त्यात गुंडाळून मेजावर ठेवली. फडक्याच्या पित्ताशयात किंचित बिघाड असल्याचे यंत्राने कळविले. हशा पुष्कळ झाला. परंतु सायंकाळपर्यंत आमच्याच सभासदांपैकी काहींनी ते यंत्र विकत घेतले, आणि त्याच यंत्राची जाहिरात पुढे या त्रैमासिकाच्या पानावरही आली. या दोन गोष्टींचे आम्हांस हसू आले नाही. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेच आहे.

क्वांटम, अर्थात पुंज, हा शब्द थट्टेचा नाही. रेणूंचे वर्णपट क्वांटम प्रोसेसरवर गणिताने काढण्याचे एक खरे शास्त्र आकारास येत आहे. ज्यांचा निर्वाह वनस्पतींतील द्रव्यांवर चालतो, त्या आम्हां वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी ते समजून घेणे अगत्याचे आहे. खरे काय आहे ते ठाऊक असेल तरच खोटे ओळखता येते.

वर्णपट म्हणजे काय, हे आपल्या घरातील कोणतीही गृहिणी न शिकता जाणते. हळदीचा डाग पडलेल्या वस्त्रास साबण लागला की तो डाग लाल होतो. हळदीस चुन्याची निवळी लागली की कुंकवाचा रंग येतो. हळदीतील कुरकुमिन हा रेणू प्रकाशातील निळा-जांभळा भाग, सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, शोषून घेतो. उरलेला प्रकाश डोळ्यांस पिवळा दिसतो. क्षाराच्या संगतीने त्या रेणूतील हायड्रोजनचा धन कण निघून जातो, इलेक्ट्रॉनांची मांडणी पालटते, त्यांना वरच्या पातळीवर चढण्यास लागणारी ऊर्जा कमी होते, आणि शोषण दीर्घ तरंगलांबीकडे सरकते. म्हणून तांबडा रंग येतो. प्रत्येक रेणूस ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. दोन पायऱ्यांमधील अंतर तंतोतंत भरून काढील एवढ्याच ऊर्जेचा प्रकाश तो घेतो, कमी वा अधिक घेत नाही. पुंज म्हणावयाचे ते यालाच. कोणता प्रकाश किती घेतला याची नोंद म्हणजे त्या रेणूचा वर्णपट.

याच नोंदीच्या बळावर १८६८ च्या सूर्यग्रहणाच्या वर्षी सूर्याच्या प्रकाशातील एका पिवळ्या रेषेवरून हेलियमचा सुगावा लागला, आणि तो पृथ्वीवर हाती येण्यास १८९५ साल उजाडले. (ती रेषा ओळखणारे नॉर्मन लॉकियर पुढे १८९८ च्या ग्रहणासाठी आपल्या विजयदुर्गास दुर्बिणी घेऊन आले होते, हे जाता जाता.) २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जो परिणाम जाहीर केला, तोही रेणूंच्या कंपनांची भाषा प्रकाशावरून वाचण्याचाच मार्ग होय. आज आमच्या फार्मसीतील माल जेव्हा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, तेव्हा एच.पी.टी.एल.सी.च्या पट्टीवर ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली दारुहळदीतील बर्बेरिन पिवळे चमकते, किंवा पिंपळीतील पायपरिन ३४२ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, असे पाहिले जाते. तेव्हा वर्णपट ही आमच्यासाठी परकी वस्तू नव्हे.

आता प्रश्न असा की, यंत्राने मोजता येते ते गणिताने काढण्याचा उपद्व्याप कशासाठी? कारण असे की, यंत्र रेषा दाखविते, ती रेषा कोणाची हे सांगत नाही. ते ओळखण्यास शुद्ध द्रव्याचा नमुना हाताशी हवा, अन्यथा त्या रेणूचा वर्णपट कसा असावा याचे गणित हवे. वनस्पतीत असे कितीतरी रेणू असतात की ज्यांचे शुद्ध नमुने बाजारात मिळत नाहीत, किंवा मिळाले तरी लहान फार्मसीस परवडत नाहीत. गणिताचा मार्ग मोकळा झाला तर शोधाचे पुष्कळ श्रम वाचतील.

तो मार्ग अडतो कोठे, हे पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच सांगून ठेवले. रसायनशास्त्राचे मूळ नियम आता ज्ञात झाले आहेत, परंतु त्यांतून निघणारी समीकरणे सोडविण्याच्या पलीकडची आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रेणूतील इलेक्ट्रॉन एकमेकांपासून अलिप्त नसतात. एकाने जागा बदलली की सर्वांना तिची दखल घ्यावी लागते. म्हणून एकेकाचा हिशेब करून बेरीज मांडता येत नाही, सर्वांच्या सर्व शक्यतांचा एकत्र हिशेब ठेवावा लागतो. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे मागणाऱ्या पंडिताची कथा सर्वांस ठाऊक आहे. येथे तसेच घडते. इलेक्ट्रॉनांच्या बसण्याच्या जागा दहा असतील तर हजारभर शक्यता, वीस असतील तर दहा लाखांवर, तीस असतील तर शंभर कोटींवर. पन्नासाव्या जागेशी येईतो अकराशे लाख कोटींवर आकडे एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागतात, आणि जगातील मोठमोठे महासंगणकही तेथे धापा टाकू लागतात.

१९८१ मध्ये रिचर्ड फाइनमन यांनी एका व्याख्यानात उलट दिशेने विचार मांडला. निसर्गच पुंजनियमांनी चालत असेल तर त्याची नक्कल करणारा संगणकही पुंजनियमांनीच चालणारा का नसावा? अशा संगणकाचा मूळ घटक म्हणजे क्यूबिट. तो शून्य व एक या दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो आणि इतर क्यूबिटांशी गुंतू शकतो. वर सांगितलेला दाण्यांचा डोंगर त्याला वेगळा साठवून ठेवावा लागत नाही; पन्नास जागांसाठी पन्नास क्यूबिट, असा हिशेब होतो. अर्थात त्या डोंगरातील प्रत्येक दाणा मोजून घेता येतो असे मात्र नव्हे. क्यूबिटांकडे पाहिले की एका वेळी एकच उत्तर हाती लागते, म्हणून तोच प्रयोग सहस्रावधी वेळा करून सरासरी काढावी लागते.

या कल्पनेस मूर्त रूप येण्यास काळ गेला. २००५ मध्ये ॲलन अस्पुरू-गुझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी व लिथियम हायड्राइड या रेणूंच्या ऊर्जा अशा संगणकावर कशा निघतील, हे साध्या संगणकावर नक्कल करून दाखविले. २०१० मध्ये प्रकाशकणांचे दोन क्यूबिट वापरून हायड्रोजनच्या रेणूची ऊर्जा प्रत्यक्ष काढली गेली. २०१४ मध्ये हेलियम व हायड्रोजन यांच्या जोडीवर एक नवी रीत वापरली गेली, ती आमच्या वाचकांस सहज समजेल. तीत क्वांटम प्रोसेसर रेणूची एक अंदाजी अवस्था उभी करतो आणि तिची ऊर्जा मोजतो. शेजारचा साधा संगणक तो आकडा पाहून मांडणीत किंचित फेरफार सुचवितो, मग पुन्हा मोजणी. घृतपाक करताना कल्क बोटांत घेऊन वर्ती वळते काय ते पाहावे, अग्नी कमी-अधिक करावा, पुन्हा पाहावे, तसाच हा क्रम. ऊर्जा आणखी खाली येईनाशी झाली की पाक सिद्ध झाला. २०१७ मध्ये आय.बी.एम.च्या संशोधकांनी याच मार्गाने बेरिलियम हायड्राइडपर्यंत मजल मारली.

हे सर्व रेणूच्या तळाच्या पायरीचे झाले. वर्णपटासाठी वरच्या पायऱ्याही हव्यात. ते काम कॅलिफोर्नियातील बर्कले येथील संशोधकांनी केले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ते ‘फिजिकल रिव्ह्यू एक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अतिवाहक धातूचे अवघे दोन क्यूबिट, शून्याखाली सुमारे २७३ अंशांपर्यंत गोठविलेले, आणि रेणू पुन्हा हायड्रोजनचाच. तळाची अवस्था सिद्ध झाल्यावर तिच्या आसपासच्या अवस्थांचीही काही मापे घ्यावयाची, आणि त्या मापांचे एक लहानसे कोष्टक साध्या संगणकाकडून सोडवून वरच्या पायऱ्या काढावयाच्या, ही त्यांची युक्ती. तिचा एक अधिक लाभ असा झाला की, प्रोसेसरच्या चुकांचाही काही भाग त्याच कोष्टकातून गाळला गेला. २०२० मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी निराळ्या मार्गाने पाणी, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड व सल्फर डायऑक्साइड या रेणूंच्या कंपनांशी निगडित वर्णपटांची नक्कल एका अतिवाहक प्रोसेसरवर करून दाखविली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे आणि या नावांकडे पाहावे. हायड्रोजन, पाणी, ओझोन. दोन वा तीन अणूंचे हे रेणू आहेत, आणि त्यांचे वर्णपट फार पूर्वीपासून ज्ञात आहेत. संशोधकांनी त्यांची निवड केली ती त्यासाठीच, कारण उत्तर ठाऊक असेल तरच नवे साधन पारखता येते. आता कुरकुमिन घ्या. कार्बनचे २१, हायड्रोजनचे २०, ऑक्सिजनचे ६, मिळून ४७ अणू आणि १९४ इलेक्ट्रॉन. सर्वांत ओबडधोबड हिशेब धरला तरी इलेक्ट्रॉनांच्या जागा ३१० होतात, म्हणजे सरळ रीतीने ३१० क्यूबिट हवेत, आणि तेही न चुकणारे. आजचे क्यूबिट चुकतात. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने १०५ क्यूबिटांचा जो प्रोसेसर जाहीर केला, त्याचे महत्त्व आकड्यात नव्हते. पुष्कळ चुकणारे क्यूबिट एकत्र बांधून एक कमी चुकणारा क्यूबिट करता येतो आणि गट मोठा केला की चुका घटतात, हे त्याने दाखविले, यात होते. जीवाणूंना हवेतील नायट्रोजन बांधता येतो तो ज्या लोह-मॉलिब्डेनमच्या केंद्रामुळे, त्याच्या गणितास सुमारे चाळीस लाख क्यूबिट व काही दिवसांचा अवधी लागेल, असा अंदाज २०२१ मध्ये मांडला गेला आहे. चाळीस लाख कोठे आणि शंभर-हजार कोठे!

शिवाय साधा संगणकही अगदीच हतबल नाही. वॉल्टर कोन व जॉन पोपल यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते ज्या अंदाजी रीतींसाठी, त्या रीतींनी कुरकुमिनसारख्या रेणूचा वर्णपट विद्यापीठातील सामान्य संगणकावरही बऱ्यापैकी काढता येतो. क्वांटम प्रोसेसरने त्यांवर निर्विवाद मात केली, असे एकाही औषधी रेणूबाबत अद्याप म्हणता येत नाही. आणि हे सर्व एकट्या, निर्वातात तरंगणाऱ्या रेणूचे गणित आहे. तोच रेणू मद्यार्कात विरघळला, तेलात गेला, तुपात मुरला की त्याच्या रेषा सरकतात. आमच्या काढ्यात तर शेकडो रेणू एकमेकांच्या संगतीत असतात. दशमूलारिष्टाचा वर्णपट गणिताने काढून देणारा संगणक पाहण्याचे भाग्य आमच्या पिढीस लाभेल असे आम्हांस वाटत नाही.

तरीही या शास्त्राची आम्ही अवहेलना करीत नाही. आपल्या देशाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. त्याचे संगणनाचे केंद्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि संवेदन-मापनाचे केंद्र मुंबईच्या आय.आय.टी.त आहे. तेथे काम करणाऱ्या तरुणांनी कधीतरी आमच्या वनस्पतींतील रेणू हाती घ्यावेत, अशी आमची इच्छा आहे. परंतु त्यांनी आम्हांस विचारले की, ‘या वनस्पतीचे तुमच्याकडे असलेले निश्चित नमुने द्या, त्यांचे मोजलेले वर्णपट द्या, म्हणजे गणित पडताळता येईल’, तर आम्ही काय देणार?

खरी टोचणी येथे आहे. चरकसंहितेने युक्तीस स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले आणि अनुमान प्रत्यक्षावर उभे केले. गणिताने काढलेला वर्णपट हे अनुमान होय. ते ज्यावर पारखावयाचे ते प्रत्यक्ष, म्हणजे ओळख पटलेली वनस्पती व तिचा मोजलेला वर्णपट, हे पुरविण्याचे काम आमचे आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हाचा गदारोळ वाचकांस स्मरत असेल. आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे खरी गुळवेल, आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी वेल यांच्यातील गल्लतीकडे बोट दाखविले. यकृततज्ज्ञांनी आपला दावा सोडला नाही. त्या वादात आमचा पक्ष कोणता हे सांगण्याचा मोह आम्ही टाळतो, कारण त्याहून लाजिरवाणी गोष्ट निराळीच होती. त्या काळात रुग्णांनी जी गुळवेल घेतली ती नेमकी कोणती, हे सांगण्यासाठी आमच्यापैकी किती जणांकडे त्या मालाचा जपून ठेवलेला नमुना होता?

आमच्याकडेही नव्हता. त्या वर्षी मागणी एवढी वाढली की नेहमीच्या व्यापाऱ्याकडील माल संपला आणि आम्ही दुसऱ्याकडून गुळवेल घेतली. त्याने मालासोबत वर्णपटाचा एक आलेख दिला. आलेख सुंदर होता. त्यावर दिनांक नव्हता, बॅच क्रमांक नव्हता, आडव्या-उभ्या अक्षांवर काय मोजले आहे तेही नव्हते. पुढे दुसऱ्या एका फार्मसीच्या मालकांशी बोलताना कळले की, तोच आलेख त्यांना अश्वगंधेसोबत मिळाला होता. आम्ही उरलेला माल नष्ट केला. विकला गेला तो गेला. त्याने कोणास बाधा झाल्याचे आमच्या कानावर आले नाही, परंतु कानावर न येणे हा काही पुरावा नव्हे.

२००० साली लागू झालेल्या शेड्यूल ‘टी’मध्ये कच्च्या द्रव्यांच्या ओळखीसाठी संदर्भग्रंथ व संदर्भ-नमुने ठेवावेत, आणि तयार औषधाच्या प्रत्येक बॅचचा नमुना मुदत संपेपर्यंत राखावा, असे स्पष्ट सांगितले आहे. निरीक्षक येतात त्या दिवशी बरण्या पुसल्या जातात, हे आपण सर्व जाणतो. त्या बरण्यांतील वनस्पती कोणी ओळखली, कोठून आली, कोणत्या ऋतूत तोडली, याची चिठ्ठी किती बरण्यांवर असते? गुळवेल निंबावर चढलेली की कुंपणावर, ग्रीष्मातील की वर्षाऋतूतील, याचा भेद आपले शास्त्र करते. मग तो भेद वर्णपटात दिसतो काय, हे पाहण्याचा मान आपण परक्यांस का द्यावा?

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. एक म्हणेल की, आपल्या ऋषींना पुंजशास्त्र आधीच ज्ञात होते, म्हणून या उठाठेवीची गरज नाही. आमची नम्र विनंती अशी की, त्यांनी ते ज्ञान वापरून एका गुळवेलीची परीक्षा करून दाखवावी. दुसरा म्हणेल की, रसवीर्यविपाकाचा विचार वर्णपटात मावत नाही, म्हणून वर्णपट त्याज्य. हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतो. वर्णपट वीर्य सांगत नाही. परंतु पुड्यातील द्रव्य गुळवेल आहे की नाही हेच जेथे अनिश्चित, तेथे वीर्याची चर्चा कोणाच्या वीर्याची?

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. एच.पी.टी.एल.सी.चे यंत्र एकट्या लहान फार्मसीस झेपणारे नाही, आणि प्रत्येक तपासणीचे शुल्क जोडले तर चूर्णाच्या पुडीत काही उरत नाही. म्हणूनच हे काम संघटनेचे आहे. ज्या रकमेत आमच्या सभासदांनी ती कांडीवाली यंत्रे घेतली, तेवढ्यात जिल्ह्यातील वीस-पंचवीस नेहमीच्या वनस्पतींचे नमुने वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांकडून ओळखवून घेता आले असते, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्यांच्या पट्ट्या काढून सर्वांसाठी एका कपाटात ठेवता आल्या असत्या. आरंभ गुळवेल, अश्वगंधा, शतावरी व दारुहळद या चारांपासून करावा, असे आम्हांस वाटते, कारण भेसळीचा संशय यांच्याच बाबतीत वारंवार कानी येतो.

जाहिरातीविषयीही आमचे मत स्पष्ट आहे. ‘क्वांटम’ म्हणविणाऱ्या ज्या यंत्राचा विक्रेता ते नेमके काय मोजते, कोणत्या तरंगलांबीवर मोजते आणि ओल्या फडक्याचा अहवाल ते का देते, हे लेखी सांगू शकत नाही, त्याची जाहिरात या त्रैमासिकाने घेऊ नये. पानाचे उत्पन्न बुडेल, हे आम्ही जाणतो. ते भरून काढण्यासाठी आमच्या फार्मसीतर्फे पुढील चार अंकांत एकेक पान घेण्याची तयारी आम्ही कार्यकारिणीस पत्राने कळविली आहे.

आगामी सर्वसाधारण सभेस आम्ही आमच्याकडील गुळवेलीच्या सर्व बरण्या घेऊन येत आहोत. त्यांपैकी तीन बरण्यांवर चिठ्ठी आहे, उरलेल्यांवर नाही. इतर फार्मसीमालकांनीही आपापल्या बरण्या, जशा असतील तशा, न पुसता आणाव्यात. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक त्या दिवशी सकाळी दहापासून उपस्थित राहण्यास राजी झाले आहेत.